पोटातली खडखड

त्या रविवारी जेवायला बसल्यावर सगुणबाब लेकीला म्हणाले, "आज डाव्या हातानं जेव."

हर्षाचा घास हातातच राहिला. ती जन्माची डावखुरी. लहानपणी याच मेजावर तिचा डावा हात कितीतरी वेळा मागे ओढला गेला होता आणि ओढणारे हेच होते. ओरडायचे नाहीत. "उजवा," एवढंच म्हणायचे आणि ती हात बदलायची. आता एकतिसाव्या वर्षी उजव्या हाताने नीट जेवता येत होतं, तर हे काय?

"कशाला?"

"उगाच. इथं कोण बघतंय?"

"हांव पळयतां न्हय?" वाढता वाढता आई म्हणाली. "आयताराचें कसलें हें खूळ? जेव गो तूं उजव्यान."

हर्षा उजव्याच हाताने जेवली. सोलकढीची वाटी तोंडाला लावून सगुणबाब वाटीवरून तिच्याकडे बघत राहिले, एवढं तिला नंतर आठवलं. त्या वेळी तिचं लक्ष घड्याळाकडे होतं. अडीचची म्हापशाची बस चुकली की पुढची थेट साडेचारला. म्हापशाच्या एका कॉलेजात ती ग्रंथपाल होती, तिथेच खोली घेऊन राहायची आणि शनिवार-रविवारी डिचोलीला घरी यायची.

सगुणबाब तिला सोडायला गेटपर्यंत आले. "पुढच्या रविवारी जरा वेळ ठेव," ते म्हणाले. "घोड्याचं एक काम आहे."

"लेखाचं?"

"लेखाचंच म्हण. थोडा चुकलाय तो."

"कुठे चुकलाय?"

"आलीस की बोलू. गाडीत डावीकडे बस, उजवीकडे धूळ येते."

ती बसमध्ये डावीकडे बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी गेटाशी पाववाल्या पोदेराच्या सायकलचा भोंगा वाजला, सगुणबाब उंडे घ्यायला बाहेर गेले, उंडे घेतले, पायरीवर टेकले आणि उठलेच नाहीत. उंड्यांचा कागद त्यांच्या मांडीवर तसाच होता, असं आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिली. गोवा वेगळं राज्य होऊन तेव्हा आठ महिने झाले होते.

*

सगुणबाब खाणीच्या एका कंपनीत वर्कशॉपचे स्टोअरकीपर होते. तीस वर्षं त्यांनी खिडकीमागे बसून स्क्रू, बोल्ट, वायसर आणि बेअरिंगं दिली. त्यांच्या खिडकीचा एक नियम होता: नाव सांगायचं, मग वस्तू घ्यायची. 'ते गोल असतं ना, ते द्या' म्हणणारा मेकॅनिक हात हलवत परत जायचा. घरातही तेच. लहानपणी हर्षाने कपाटाकडे बोट दाखवून "ते द्या" म्हटलं की ते विचारायचे, "ते म्हणजे काय? नाव सांग, वस्तू घे."

या नोकरीतूनच त्यांना तो नाद लागला. पोर्तुगीज गेले, त्यांच्या मागोमाग काही घरं लिस्बनला गेली, काही मुंबईला. जाताना माणसं सोनंनाणं नेतात, चांगलं फर्निचर विकतात, आणि मुलांची बसायची खेळणी माळ्यावर सोडून जातात. अशा माळ्यांवरून सगुणबाबांनी अकरा गाड्याघोडे जमवले होते. पेडल मारायची पत्र्याची मोटार, लाकडी चाकांची तीनचाकी, आफ्रिकेहून परतलेल्या कुणाचं तरी डुलणारं बदक, सावंतवाडीचा चार चाकांचा रंगीत घोडा. वस्तू कुठली आणि कधीची हे ते स्क्रूवरून सांगायचे. डोक्यावर एक खाच असलेला स्क्रू जुना, अधिकचं चिन्ह असलेला नवा, आणि हाताने कापलेल्या आट्यांचा असेल तर टोपी काढायची. प्रत्येक वस्तूचं, स्टोअरमध्ये असायचं तसलं, एकेक पिवळं कार्ड होतं. आई म्हणायची, "घरांत भुरगें एक आनी गाड्यो इकरा."

पण त्या अकरांतला राजा होता डुलणारा घोडा. पेडण्यातल्या एका जमीनदाराच्या घरातून तो सहासष्ट साली आला. आंब्याच्या पेटीएवढं पोट, उघडं तोंड, काचेचे डोळे. आणि त्याचा डावा कान तिरका छाटलेला होता.

या कानावर सगुणबाबांनी सगळं उभं केलं होतं. मोडलेला कान फाटतो, हा छाटलाय, ते म्हणत. छाटून कानशीने घासलाय. घासल्याच्या रेघा डावीकडून खाली येतात, म्हणजे कारागीर डावखुरा. एका पोर्तुगीज पुस्तकात त्यांना घोड्याचं एक चित्र सापडलं होतं. त्यातल्या घोड्याचा डावा कान नेमका सावलीत होता, पण सगुणबाबांना सावलीतही तो छाटलेला दिसला. लिस्बनच्या कुठल्या तरी डावखुऱ्या कारागिराची ही सही आहे, असा लेख त्यांनी एका मराठी दैनिकाच्या रविवार पुरवणीत लिहिला. तेव्हा कोकणी-मराठीचं आंदोलन ऐन भरात होतं. शेजाऱ्यांनी विचारलं, "घोडो कोकणीवादी काय मराठीवादी, सगुणबाब?" सगुणबाब म्हणाले होते, "पोर्तुगेज. तेका मत ना."

लेखाचं शुद्धलेखन हर्षाने तपासलं होतं. ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केले, एक लांबलेलं वाक्य तोडलं आणि कानाला हात लावला नाही. कारण तो कान तिनेच मोडला होता.

घोडा घरी आला त्याला चार दिवस झाले होते. बाबा कामावर, आई विहिरीवर. नऊ वर्षांच्या हर्षाने त्याला इतक्या जोरात डुलवलं की तो पुढच्या पुढे उंबरठ्यावर आदळला. डावा कान तुटून तिच्या पायाशी पडला. तिने बाबांच्या पेटीतली कानस काढली आणि राहिलेला फाटका भाग घासून घासून सारखा केला. तुटलेला तुकडा कुठे टाकावा कळेना. खोगिराच्या सुटलेल्या चामड्याखाली लाकडात एक भोक होतं, तुकडा तिने त्यातून आत ढकलला. तो घोड्याच्या पोटात खडखडत गेला.

चार दिवस ती मार खायची वाट बघत होती. पाचव्या दिवशी बाबांनी घोडा पुसायला घेतला, कानावर बोट फिरवलं आणि थांबले. मग हाक मारून म्हणाले, "हर्षा, इकडे ये, हे बघ. हे मला पहिल्या दिवशी दिसलंच नाही." त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की तिच्या तोंडातले शब्द तोंडातच राहिले. पुढे दर वर्षी ते बोलणं अधिक अवघड होत गेलं. लेख छापून आल्यावर तर अशक्यच.

घोड्याच्या कार्डावर शेवटी एक ओळ होती: 'हलवल्यास पोटात खडखड. आतला खुंटा सुटला असावा. उघडू नये.' उघडू नये हा त्यांचा दुसरा नियम. पोट उघडलेली वस्तू जुनी राहत नाही, ते म्हणायचे. त्या नियमाने हर्षाला बावीस वर्षं सांभाळलं होतं.

*

बाराव्याच्या दुसऱ्या दिवशी मांद्र्याचा प्रवीण आला. मांद्र्याला समुद्राजवळ त्याचं गेस्ट हाऊस होतं आणि जुन्या वस्तूंनी तो ते सजवायचा. सगुणबाबांकडे वर्षातून तीन-चारदा तरी यायचा. गाडीतून उतरतानाच त्याने चेहरा पाडला होता, तो हर्षाला आवडला नाही.

"सगुणबाब म्हणजे माझे गुरूच," खुर्चीत बसत तो म्हणाला. "काकी, चहा नको. वीस मिनिटांत निघतो."

चहा पिऊन झाल्यावर तो उठला आणि घोड्यापाशी गेला. "डिसेंबरात मी यांना विचारलं होतं, घोडा देणार का म्हणून. नाही म्हणाले नाहीत हं. म्हणाले, थांब, एका माणसाला विचारायचंय."

"कोणाला?"

"ते काही बोलले नाहीत." त्याने घोड्याच्या मानेवर हात ठेवला आणि त्याला हलकेच डोलवलं.

घोडा डोलला. पुढे, मागे, पुढे. फरशीवर लाकडाचा मऊ आवाज झाला आणि दुसरा कसलाच झाला नाही.

हर्षा उठून उभी राहिली. "जरा जोरात डोलवा," ती म्हणाली.

प्रवीणने चकित होऊन जोरात डोलवलं. घोडा गप्प होता.

"काय झालं?"

"काही नाही."

"काकी, विचार करा," निघताना तो आईला म्हणाला. "घरात बाईमाणसं दोघी. एवढ्या वस्तू कोण सांभाळणार? आणि आजकाल शिवदाससारखे कारागीर आहेत. त्यानं माझ्यासाठी चार खुर्च्या केल्या. बाजूला खरी जुनी ठेवली, तर मलाच ओळखता येईना."

त्याची गाडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत हर्षा दारात उभी राहिली. आपल्या पोटात काय आहे हे त्या घोड्याला ठाऊक होतं आणि तिला ठाऊक होतं. आता पोटात काहीच नसेल, तर हा तो घोडाच नव्हे. कोणी तरी नक्कल करून ठेवली होती. कान नीट छाटला होता, कारण कानाची गोष्ट वर्तमानपत्रात आली होती. खडखड करायची राहिली, कारण ती कार्डावरच्या शेवटच्या ओळीत होती आणि ती ओळ कोण वाचतो?

तिने बाबांचं भिंग घेतलं आणि जमिनीवर आडवी पडून घोड्याच्या पोटाखाली बघितलं. पोट बंद करणाऱ्या फळीचे चारही स्क्रू चकचकीत होते. एक खाच असलेले, जुन्या पद्धतीचे, पण खाचेतलं पितळ नव्यासारखं पिवळं. फळीच्या कडेला रंग ताजा होता. नाक जवळ नेलं तर वॉर्निशचा वास आला. बाबांनी हे स्क्रू बघितले असते तर ते काय म्हणाले असते, ते तिला त्यांच्या आवाजात ऐकू आलं.

मग ती बाकीचं तपासू लागली. मुलं डाव्या बाजूने चढतात, म्हणून पाय ठेवायचं डावं पायटं जास्त झिजतं. ते झिजलेलं होतं. पण झीज तर कानशीनेही आणता येते, हे तिच्याइतकं कोणाला माहीत? मानेवरच्या रंगाखाली जुना निळा रंग होता. तोही कोणी आधी निळा देऊन वर तपकिरी देऊ शकतो. जितकं तपासावं तितकं खरं खोट्यासारखं दिसत गेलं. काचेच्या डोळ्यांकडेही तिने बराच वेळ बघितलं आणि मग भिंग खाली ठेवलं.

आई तांदूळ निवडत होती. हर्षाने विचारलं, "हा घोडा कुठे गेला होता का मध्ये?"

आईचा हात सुपात थांबला. "खंय वतलो? घोडो तो."

"आई."

"आमोण्या गेल्लो. शिवदासागेर. नाताळाच्या वेळार, आठ दीस." आईने एक खडा काढून बाजूला टाकला. "तुका सांगूं नाका म्हण तुज्या बापायन सांगिल्लें."

"मला का नाही सांगायचं?"

"तें हांव कित्याक विचारूं? त्या खेळण्यांचें हांवें कदीं विचारलें?"

शिवदास आमोण्याचा सुतार. सगुणबाबांची मोडलेली चाकं आणि दांडे तोच करायचा. वीस वर्षांची ओळख. अंत्यविधीला तो आला होता, पण सगळ्यांत मागे, फणसाच्या झाडाखाली उभा राहिला. हर्षाकडे एकदा बघितलं आणि नजर वळवली. बाराव्याला जेवायला आला नाही. तेव्हा तिला काही वाटलं नव्हतं. आता सगळं एका ओळीत येऊन उभं राहिलं. प्रवीणला घोडा हवा होता, शिवदास प्रवीणची कामं करत होता, घोडा आठ दिवस शिवदासकडे होता, आणि बाबा आता काही सांगू शकत नव्हते. बाबांना कळलं असेल का? लेख चुकलाय म्हणाले होते. घोडा बदललाय हे उमगून तेच रविवारी सांगणार होते का?

आईला ती एवढंच म्हणाली, "घोडा बदललाय असं मला वाटतं."

"कशावयल्यान?"

कशावरून, हेच हर्षाला कोणाला सांगता येणार नव्हतं.

*

साखळीला बस बदलून ती आमोण्याला उतरली तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. मांडवीच्या पात्रातून खनिजाने भरलेली बार्ज पाण्याशी समपातळीत चालली होती. रस्त्याकडेच्या काजूची पानं लाल धुळीने माखली होती. शिवदासची शाळ, म्हणजे सुतारकामाची जागा, नदीच्या बाजूला, पत्र्याच्या छपराखाली होती. दाराशी भुसा आणि फणसाच्या लाकडाचा पिवळा वास.

शिवदास साठीचा, बारीक अंगाचा माणूस. तिला बघून तो उठला, हातावरचा भुसा झटकला आणि स्टूल पुढे केलं.

"यो गो बाय. आवय बरी आसा?"

"बरी आहे. बाराव्याला आला नाहीत."

"ना येवंक." तो जमिनीकडे बघून म्हणाला. "सगुणबाब नासतना त्या घरांत जेवंक बसपाचें जीवार आयलें."

उत्तर चांगलं होतं. जरा जास्तच चांगलं, असं हर्षाला वाटलं. तिने आत सगळीकडे नजर फिरवली. भिंतीला टेकून पाट, एक अर्धवट देव्हारा, आणि पलीकडच्या कोपऱ्यात गोणपाटाखाली काही तरी. गोणपाट वरच्या बाजूला उचललेलं होतं, मान ताठ केल्यासारखं. खालून एक काळी, चकाकणारी नाकपुडी दिसत होती.

ती तडक तिकडे गेली आणि गोणपाट ओढलं.

ते घोड्याचं डोकं होतं, पण खाली घोडा नव्हता. मान बांबूच्या कमानीत बसवलेली, कमानीच्या मध्ये माणूस उभा राहील एवढी पोकळी. तोंड लालभडक, दोन्ही कान शाबूत.

"शिगम्याक म्हयनोभर आसा," मागून शिवदास म्हणाला. "घोडेमोडणीचे घोडे. आनीक तीन भितर आसात. कमरेक बांदून पळय जाय जाल्यार, पूण नाचूंक लागतलें."

हर्षाचे कान तापले. तिने गोणपाट परत टाकलं आणि ते नीट करण्यात उगाच थोडा वेळ घालवला. मग वळून म्हणाली, "आमचा घोडा कुठे आहे?"

"तुमगेर."

"तो आमचा नव्हे. तुम्ही बदलला."

शिवदास चिडला नाही. त्याने बिडी काढली, पेटवली नाही, कानामागे अडकवली. "कशावयल्यान?"

परत तोच प्रश्न. "पोटाचे स्क्रू नवे आहेत."

"न्हय. जुनेच. पावडर घांसून लखलखीत केल्यात, सगुणबाबांनीच सांगलां. आनीक?"

"रंग ताजा आहे."

"फळयेच्या कडेक. फळी काडल्या उपरांत रंग लावंक जाय न्हय?"

"म्हणजे तुम्ही पोट उघडलं."

"हांवें उगडलें. तांणी म्हजे मुखार बसून उगडून घेतलें."

"खोटं. बाबा पोट उघडू देत नसत."

"घोड्या पोंदा धवो पिठो पडटालो. कीड लागिल्ली. पोट उगडिना जाल्यार घोडोच वतलो." त्याने तिच्याकडे सरळ बघितलं. "बाय, स्क्रू आनी रंग सोड. तूं त्याखातीर दोन बशी करून येवंक ना. तुका कितें वेगळें दिसलें, तें सांग."

बाहेर फेरीबोटीची शिट्टी झाली. हर्षाने स्टुलाची कड धरली. हा माणूस बोलण्यात गुंतवून तिच्याकडून काही काढून घेतोय, एवढं तिला कळत होतं. काय काढतोय ते कळत नव्हतं.

"आवाज येत नाही," ती शेवटी म्हणाली.

"कसलो?"

"पोटातला. हलवलं की यायचा."

"तो कसलो आवाज?"

"खुंटा. आतला खुंटा सुटला होता. कार्डावर लिहिलंय."

"खुंटो ना." शिवदासने मान हलवली. "तीस वर्सां हांव सुतारकाम करतां. त्या पोटांत सुटपासारको खुंटोच ना."

तो उठला, कामाच्या मेजाचा खण ओढला आणि एक पुडी बाहेर काढली. स्टोअरमध्ये सुटे स्क्रू द्यायचे तसली, खाकी कागदाची, दोन घड्या घालून दोऱ्याने बांधलेली. पुडीवर सगुणबाबांच्या हातचं काही लिहिलेलं होतं. तिला दुरून वाचता आलं नाही. शिवदासने पुडी मेजावर ठेवली आणि तिच्यावर आपला पंजा ठेवला.

"हें तांणी म्हजेकडेन दवरलां. म्हणाले, घरांत दवरल्यार तुज्या आवयक मेळटलें. म्हणाले, आयतारा हांव हर्षाक हाडटां. हांगा बसून ती सांगतली, मागीर तूं तिका दी." तो थांबला. "आयतार जावंकच ना. हांव त्या दिसा फणसापोंदा उबो रावन चिंतालों, तुका दिवंक जाय काय ना. पूण तांची अट आसा. नांव सांगल्या बगर दिवची न्हय."

"कसलं नाव?"

"पोटांत कितें आशिल्लें, ताचें."

हर्षा त्या पंज्याकडे बघत राहिली. बोटांच्या पेरांत लाकडाची धूळ बसली होती. एका क्षणात आपण चोर पकडायला आलो होतो, हे तिला आठवलं.

"बाबा काय म्हणाले?" तिने विचारलं. "ते बाहेर आलं तेव्हा?"

शिवदासने कानामागची बिडी काढून हातात फिरवली. "पयलीं बराच वेळ हातांत घेवन बसले. मागीर घोड्याच्या त्या घांसल्ल्या कडेर भिंग धरलें. एकदां ते कडेक, एकदां हातांतले वस्तूक. आनी हांसूंक लागले. अशे हांसले, बाय, की हांव भियेलों. तांकां दम लागलो. हांवें उदक दिलें. तें पियेवन म्हणाले, शिवदास, तो डावखुरो कारागीर लिस्बनाक नाशिल्लो. म्हज्या मेजार उजव्या हातान जेवतालो."

पत्र्यावर एक काजूची फांदी घासत होती. हर्षाला सोलकढीची वाटी दिसली आणि वाटीच्या वरून तिच्याकडे बघणारे डोळे. आज डाव्या हातानं जेव. इथं कोण बघतंय? तिने घड्याळाकडे बघितलं होतं. अडीचची बस गाठायला ती उजव्या हाताने भराभर जेवली होती.

"रागावले होते?"

"लेखाचें चडशें वायट दिसलें तांकां. म्हणाले, परतून बरोवंक जाय, आपणें जाहीर चूक केल्या. पूण तुजें नांव घालचें काय ना, तें तूंच सांगपाचें. प्रवीण घोडो मागून गेल्लो, ताकाय तशेंच सांगलां. एका मनशाक विचारूंक जाय."

तो एक माणूस म्हणजे ती स्वतः. ती मात्र चोर शोधत होती आणि प्रत्येकाचं तोंड संशयाने निरखत होती.

शिवदासने पंजा उचलला नव्हता. त्याच्या चेहऱ्यावर कसलाच विजय नव्हता. खिडकीमागे बसलेल्या माणसाची चिकाटी तेवढी होती, आणि ती त्याची स्वतःची नव्हती. हर्षा स्टुलावरून उठली. मेजापाशी गेली. पुढे झालेला हात डावा आहे हे तिच्या लक्षात आलं. तो तिने बदलला नाही. आता जवळून पुडीवरचं अक्षर वाचता येत होतं. 'हर्षा. ओळख पटवून देणे.'

"कान," ती म्हणाली. मग तिने परत पहिल्यापासून सुरुवात केली, आणि या वेळी शिवदासकडे बघून नाही.

"घोड्याचा डावा कान, बाबा. तो मी मोडला. घोडा उंबरठ्यावर पाडला, तुमची कानस घेतली, घासून सारखा केला आणि तुकडा खोगिराखालून आत टाकला. तुम्ही मला हाक मारून कान दाखवलात ना, तेव्हाच सांगणार होते. तुम्ही इतके खूश झाला होतात."